मानसोपचारतज्ज्ञ बदलायचा आहे, घरचे आणि जुना दवाखाना अडवतात: कायदा काय म्हणतो, आणि औषधांचे काय करायचे?

कोयनाकाठ

मानसिक आजार असलेल्या व्यक्ती आणि त्यांचे घरचे यांच्या स्वमदत गटासाठी आम्ही एक छोटे माहितीपत्रक करतो आहोत. विषय एवढाच: उपचार कोणाकडे घ्यायचे हे कोणी ठरवायचे. बैठकांत पुन्हापुन्हा येणाऱ्या अडचणी एका उदाहरणात गुंफून मांडते, म्हणजे उत्तरे नेमकी येतील.

पस्तिशीची विवाहित बाई, राहायला सातारा जिल्ह्यात. बायपोलर आजार, लिथियम आणि लॅमोट्रिजिन चालू. तब्येत स्थिर आहे, नोकरी करते. सध्याच्या डॉक्टरांना दुष्परिणामांविषयी विचारलेले आवडत नाही, म्हणून तिला पुण्यातल्या दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचे आहे. सासरचे म्हणतात, पहिल्यापासून हेच डॉक्टर आहेत, आता बदलायचे नाहीत. जुन्या दवाखान्यात फाइल मागितली तर "मिस्टरांना घेऊन या" असे उत्तर मिळते.

नवऱ्याची संमती लागते का? फाइल कशी मिळवायची? उद्या तब्येत बिघडून दाखल करायची वेळ आली तर तिच्या निवडीला काही किंमत राहते का? आणि विम्याचे काय?

मोकळी_वाट

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम १८. उपचार मिळण्याचा हक्क त्यात स्पष्ट आहे. दवाखान्याला वकिलाची नोटीस पाठवा, फाइल आपोआप येईल.

सनदशीर

नोटीस ही शेवटची पायरी, आणि कलम १८ इथे नीट बसत नाही. माहितीपत्रकात चुकीचे कलम छापले की समोरचा पहिल्याच भेटीत ते खोडून काढतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कलम १८ चा रोख सरकारकडे आहे. सरकारने चालवलेल्या किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या सेवा परवडणाऱ्या दरात, भेदभाव न करता मिळाल्या पाहिजेत असे ते सांगते. दारिद्र्यरेषेखालच्या आणि बेघर व्यक्तींना त्या मोफत आहेत. जिल्ह्यात किमान सरकारी सेवाच नसतील, तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या सेवेचा खर्च सरकारने उचलायचा, अशीही तरतूद त्यात आहे. "रुग्णाला हवा तो डॉक्टर निवडता येईल" असे वाक्य मात्र या कायद्यात शोधूनही सापडणार नाही.

मग निवडीचा हक्क येतो कुठून? संमतीतून. कलम ४ प्रमाणे उपचारांविषयीची माहिती समजते, निर्णयाचे परिणाम कळतात आणि निर्णय बोलून, खुणेने किंवा अन्य मार्गाने सांगता येतो, अशा व्यक्तीला आपल्या मानसिक उपचारांचा निर्णय घेण्याची क्षमता आहे असे मानायचे. त्याच कलमात पुढे म्हटले आहे की घेतलेला निर्णय इतरांना चुकीचा किंवा अयोग्य वाटतो एवढ्यावरून क्षमता नाही असे ठरवता येत नाही. सासरच्यांना डॉक्टर बदलणे पटत नाही, हे नेमके त्यातच मोडते. कलम ३ सांगते की पूर्वी उपचार घेतले किंवा दाखल झाली होती, एवढ्यावरून आज ती आजारी आहे असा निष्कर्ष काढायचा नाही. आणि मानसिक आजाराचे निदान झाले म्हणजे व्यक्ती कायद्याने "विकल मनाची" ठरत नाही, त्यासाठी न्यायालयाचा आदेश लागतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून सरळ लिहा: अठरा वर्षांवरील, निर्णयक्षम व्यक्तीला बाह्यरुग्ण म्हणून डॉक्टर बदलायला नवरा, सासरे, भाऊ, कोणाचीही संमती लागत नाही.

आता एक खाच. गटात हे नीट समजावून सांगा, कारण इथेच बहुतेकांचे फसते. कलम १४ खाली प्रत्येक प्रौढ व्यक्तीला "नामनिर्देशित प्रतिनिधी", म्हणजे आजारपणात उपचारांच्या निर्णयात तिच्या बाजूने उभा राहणारा माणूस, नेमता येतो. नेमला नसेल तर कायदा स्वतःच एक क्रम लावतो, आणि त्यात नातेवाईक बराच वर येतात. रक्ताचे, लग्नाने झालेले, दत्तक, सगळेच नातेवाईक. त्यांच्यातला कोण पुढे, हे तिथे लिहिलेले नाही. म्हणजे तिने काहीच केले नाही तर अडचणीच्या वेळी नवराच प्रतिनिधी म्हणून उभा राहू शकतो. टाळायचे असेल तर साध्या कागदावर, सही किंवा अंगठा करून, विश्वासातल्या माणसाचे नाव लिहावे. बहीण, मैत्रीण, सहकारी, कोणीही चालते. तो माणूस प्रौढ आणि जबाबदारी पेलण्याइतका सक्षम हवा, आणि त्याने आपली लेखी तयारी दिली पाहिजे. स्टँप पेपर, नोटरी लागत नाही. नेमणूक कधीही रद्द करता येते, बदलता येते. प्रतिनिधी नेमला म्हणजे तिला निर्णय घेता येत नाही असा अर्थ निघत नाही, हेही कायद्यातच आहे. कागदाची एक प्रत नव्या डॉक्टरांच्या फाइलला लावा, एक प्रतिनिधीकडे द्या, एक स्वतःकडे ठेवा.

गोपनीयतेचे कलम २३ आहे. उपचारांची माहिती कोणाला देता येते याचे अपवाद त्यात मोजके दिले आहेत: नामनिर्देशित प्रतिनिधीला त्याचे काम करता यावे म्हणून, उपचार करणाऱ्या दुसऱ्या तज्ज्ञाला, कोणाच्या जिवाला धोका असेल तर, मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाच्या (या कायद्याखाली अर्ज आणि तक्रारी ऐकणारे मंडळ, पुढे नुसते "मंडळ") किंवा न्यायालयाच्या आदेशावरून, असे. ती निर्णयक्षम आहे आणि समोर बसून स्वतःची फाइल मागते आहे, तेव्हा "मिस्टरांना आणा" या उत्तराला कोणत्याच कलमाचा आधार नाही.

बाह्यरुग्ण_खिडकी

फाइलबद्दल व्यवहारातली गोष्ट सांगते. पूर्ण फाइल मागू नका, आधी "उपचार सारांश" मागा. फाइलमध्ये डॉक्टरांनी स्वतःसाठी केलेल्या नोंदी असतात, घरच्यांनी खासगीत सांगितलेले असते. ती देताना दवाखाना कचरतो आणि तिथेच गाडे अडते. सारांशाला सहसा कोणी नाही म्हणत नाही, आणि नव्या डॉक्टरांना पहिल्या भेटीत लागते तेही तेवढेच.

अर्ज एका पानाचा असावा. मजकूर साधारण असा:

"मी आपल्याकडे अमुक महिन्यापासून उपचार घेत आहे. पुढील उपचार दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञांकडे घेण्याचा निर्णय मी घेतला आहे. कृपया मला उपचार सारांश द्यावा. त्यात निदान, सध्याची औषधे व मात्रा, यापूर्वी देऊन बंद केलेली औषधे व बंद करण्याचे कारण, रक्त तपासण्यांचे अहवाल तारखांसह, आणि दाखल केले असल्यास डिस्चार्ज कार्डाची प्रत असावी."

खाली तारीख, सही, ओळखपत्राची प्रत. दोन प्रती न्या. एकीवर दवाखान्याचा शिक्का आणि मिळाल्याची सही घ्या. सही देत नसतील तर तोच अर्ज टपालाने, पोच मिळेल अशा पद्धतीने पाठवा. डॉक्टरांविषयीची तक्रार या अर्जात लिहू नका. तक्रारीचा कागद वेगळा ठेवा. दोन्ही एकत्र केले की कागद वकिलाकडे जातो आणि सारांश लांबतो.

"बंद केलेली औषधे व कारण" ही ओळ गाळू नका. नवे डॉक्टर नेमके तेच औषध पुन्हा सुरू करतात, तोच त्रास पुन्हा होतो आणि महिना-दीड महिना वाया जातो. हे सारखे घडते.

सनदशीर

वरच्याला जोड. वैद्यकीय व्यवसायाच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम सांगतात की रुग्णाने नोंदी मागितल्या तर मागणीची पोच द्यायची आणि कागद ७२ तासांत द्यायचे. दाखल असताना झालेल्या उपचारांसाठी मानसिक आरोग्य कायद्याच्या २०१८ च्या नियमांत वेगळा नमुना आहे, मुदत १५ दिवसांची. मूळ हक्क कलम २५ मध्ये आहे. त्यातला ठरावीक भाग उघड केल्याने रुग्णाला गंभीर मानसिक इजा होईल किंवा इतरांना धोका होईल असे वाटले, तर तो रोखण्याची मुभा तज्ज्ञाला आहे. पण रोखताना "तुम्ही मंडळाकडे दाद मागू शकता" हे त्याने रुग्णाला सांगायचे असते. सगळी फाइल सरसकट रोखता येत नाही.

तरीही दिले नाही, तर कलम २८. पहिली तक्रार त्या संस्थेच्या प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्याकडे, मग मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे, त्यानंतर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे. मंडळाकडच्या अर्जाला फी नाही. सर्वसाधारण अर्ज ९० दिवसांत निकाली काढायचा, आणि निर्णय मान्य नसेल तर ३० दिवसांत उच्च न्यायालयात जाता येते. एकट्या डॉक्टरचा, खाटा नसलेला दवाखाना असेल तर हा मार्ग सोपा नाही. तिथे महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे आचारसंहितेखाली तक्रार जास्त लागू पडते.

बाह्यरुग्ण_खिडकी

आता औषधे. डॉक्टर बदलताना कायद्यापेक्षा जास्त माणसे इथे घसरतात. जुन्यांकडे जाणे बंद, नव्यांची वेळ तीन आठवड्यांनी, गोळ्या संपलेल्या. म्हणून क्रम असा ठेवा: आधी नव्यांची वेळ घ्या, मग जुन्यांकडून नेहमीच्या भेटीत निदान एक महिन्याची चिठ्ठी घ्या, आणि सारांशाचा अर्ज त्यानंतर.

उदाहरणातल्या बाईसाठी:

लिथियम अचानक बंद झाले तर आजार उलटण्याचा धोका मोठा असतो, विशेषतः उन्मादाचा झटका येण्याचा. बंद करायचेच ठरले तर डॉक्टर ते निदान चार आठवडे, शक्यतो त्याहून सावकाश उतरवतात. नव्या डॉक्टरांकडे जाताना रक्तातली लिथियमची पातळी, क्रिएटिनिन आणि थायरॉइड हे ताजे अहवाल हवेत. पातळीसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचे असते. रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यावर. सकाळची गोळी घेऊन रक्त दिले की आकडा फुगतो, नवे डॉक्टर मात्रा कमी करतात आणि पंधरा दिवसांत झोप उडते. दीर्घकाळच्या उपचारात पातळी बहुधा ०.६ ते ०.८ (मिलिमोल प्रति लिटर) दरम्यान ठेवतात, काहींना १.० पर्यंत. १.५ च्या वर विषबाधेची भीती. कंबरदुखीसाठी घेतलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक, जुलाब, उन्हाळ्यात पाणी कमी पडणे, रक्तदाबाच्या काही गोळ्या, यांनीही पातळी चढते. दुकानातून आणलेल्या गोळ्याही यादीत लिहा.

लॅमोट्रिजिनची खोड वेगळी. चार-पाच दिवसांहून जास्त खंड पडला तर जुन्या मात्रेवर एकदम परत जायचे नाही. अंगावर गंभीर पुरळ येण्याचा धोका असतो, म्हणून डॉक्टर अगदी कमी मात्रेपासून पुन्हा चढवत नेतात. खंड पडला असेल तर तो लपवू नका.

गटातल्या इतरांसाठी: क्लोझापिन ४८ तासांपेक्षा जास्त सुटली तर पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करावी लागते, आणि पहिले १८ आठवडे दर आठवड्याला पांढऱ्या पेशींची तपासणी असते. डॉक्टर बदलताना हे सगळे अहवाल तारखांसह न्या. महिन्याचे इंजेक्शन चालू असेल तर औषधाचे नाव, मात्रा आणि शेवटची तारीख चिठ्ठीवर लिहून घ्या. तारीख माहीत नसली की इंजेक्शन लवकर तरी पडते किंवा चुकते तरी. झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्या महिनोन्महिने चालू असतील तर एकदम थांबवणे धोक्याचे, फिट येऊ शकते.

आणि औषधांची नावे ब्रँडची नको, मूळ औषधाची लिहा. एकाच औषधाचे दोन ब्रँड दोन डॉक्टरांनी लिहिले आणि रुग्णाने दोन्ही घेतले, अशी दुहेरी मात्रा नेहमी सापडते.

पाणवठा

विम्याचे थोडक्यात. कायद्याचे कलम २१(४) म्हणते की शारीरिक आजारांना ज्या आधारावर विमा, त्याच आधारावर मानसिक आजारांना. विमा नियामकाने ऑगस्ट २०१८ मध्ये परिपत्रक काढले आणि पुढे ३१ ऑक्टोबर २०२२ ही पालनाची तारीख घातली. तरी दोन गोष्टी पाहा. बहुतेक पॉलिसी फक्त दाखल झाल्यावरचा खर्च देतात. बाह्यरुग्ण तपासणी आणि समुपदेशनाची सत्रे वेगळे कलम घेतले असेल तरच. म्हणजे नुसता डॉक्टर बदलण्यात विमा आडवा येत नाही, पण मदतही करत नाही.

दाखल व्हायचे तर निवड कंपनीच्या यादीतल्या रुग्णालयांपुरतीच, असे समजू नका. जानेवारी २०२४ पासून सर्वसाधारण विमा परिषदेने यादीबाहेरच्या रुग्णालयातही कॅशलेसची सोय सुरू केली आहे. ठरवून दाखल होणार असाल तर ४८ तास आधी कळवायचे, तातडीने झालात तर ४८ तासांच्या आत. रुग्णालयाने तयारी दाखवली पाहिजे, ही अट आहे. आधीपासूनच्या आजाराची प्रतीक्षा एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षे. प्रस्ताव अर्जात निदान लपवले असेल तर दावा अडतो, तेव्हा ते लपवू नका.

कर्मचारी राज्य विमा योजनेत असाल तर बाहेरच्या तज्ज्ञाकडे जायला त्यांच्या दवाखान्याची संदर्भ चिठ्ठी लागते. चिठ्ठीवर "मानसोपचार विभाग" एवढेच असेल तर कुठल्या रुग्णालयात ते आधी विचारून घ्या.

कोयनाकाठ

खूप उपयोगी. दोन शंका राहिल्या. दाखल करायच्या वेळी काय? आणि गटातल्या बऱ्याच जणांना गोळ्यांसाठी एक आणि बोलण्यासाठी दुसरी व्यक्ती हवी असते. समुपदेशक निवडताना काय पाहायचे?

सनदशीर

दाखल होण्याचे दोन रस्ते. स्वतःहून दाखल झाली (कलम ८६) तर प्रतिनिधीची संमती लागत नाही, तिच्या संमतीशिवाय उपचार करता येत नाहीत आणि तिने मागितला की डिस्चार्ज द्यावा लागतो. फक्त खालच्या दुसऱ्या रस्त्याने, म्हणजे प्रतिनिधीच्या अर्जावरून, दाखल करण्याची गरज आहे असे तज्ज्ञाला वाटले तर तपासणीसाठी २४ तास थांबवता येते.

दुसरा रस्ता कलम ८९. प्रतिनिधीच्या अर्जावरून, दोन स्वतंत्र तपासण्यांनंतर. त्यातली एक मानसोपचारतज्ज्ञाची असावीच लागते. मुदत ३० दिवस. मंडळाला सात दिवसांत कळवायचे, स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. असे दाखल करण्याला मंडळापुढे आव्हान दिले तर सात दिवसांत निर्णय अपेक्षित आहे. हा अर्ज प्रतिनिधी करतो, म्हणून वरचा प्रतिनिधीचा कागद आजच करून ठेवायचा.

एका संस्थेतून दुसरीत हलवणे कलम ९३ मध्ये आहे. हलवण्याचे कारण रुग्णाला आणि प्रतिनिधीला आधी सांगावे लागते. आणि कलम ९८ तुमच्या विषयाच्या अगदी जवळचे: डिस्चार्जच्या वेळी किंवा नवा मानसोपचारतज्ज्ञ जबाबदारी घेणार असेल तेव्हा, आधीच्या तज्ज्ञाने रुग्ण, प्रतिनिधी आणि पुढे उपचार करणाऱ्या तज्ज्ञाशी बोलून पुढच्या उपचारांचे ठरवायचे आहे. दवाखान्यात दाखवायला हे कलम छापून न्या.

निवड आधीच नोंदवायची असेल तर कलम ५ खालचा "आगाऊ निर्देश". आजारात कसे उपचार हवेत, कसे नकोत आणि प्रतिनिधी कोण, हे त्यात लिहिता येते. केंद्रीय प्राधिकरणाने ठरवलेल्या नमुन्यात, दोन साक्षीदारांसमोर, मंडळाकडे नोंदवून. "शक्यतो अमुक डॉक्टरांकडे, तमुक केंद्रात नको, फलाण्या औषधाने हातपाय आखडतात ते देऊ नये, कारण असे" इतके ठोस लिहा. नुसते "चांगले उपचार मिळावेत" लिहून हाती काही लागत नाही. मर्यादाही छापा: तातडीच्या उपचारांना निर्देश लागू नाही, निर्णयक्षमता गेली तरच तो अंमलात येतो, ज्याच्याकडे प्रतच पोचली नाही त्या डॉक्टरवर तो न पाळल्याचा दोष येत नाही, आणि त्यात नाव असले म्हणून कोणत्याही डॉक्टरला रुग्ण घेण्याची सक्ती करता येत नाही. निवड दोन्ही बाजूंची असते. आचारसंहितेप्रमाणे डॉक्टर कोणाला तपासायचे हे ठरवू शकतो, फक्त एकदा हाती घेतलेला रुग्ण पुरेशी सूचना न देता सोडता येत नाही.

नशामुक्ती केंद्रेही सुटलेली नाहीत. दारू आणि अमली पदार्थांच्या वापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था कायद्याच्या व्याख्येत येतात. तेव्हा रात्री गाडीत घालून नेऊन कोंडणारे केंद्र असेल तर पहिला प्रश्न विचारा: नोंदणी क्रमांक काय, आणि दाखल कोणत्या कलमाखाली केले? दाखल करताना हे कलम सांगणे कलम २२ ने बंधनकारक आहे.

तिसरी_खुर्ची

समुपदेशक निवडण्याविषयी. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर, नोंदणी वैद्यकीय परिषदेत. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेत असते, नोंदणी क्रमांक मागा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर नाव पडताळा. ते औषध लिहीत नाहीत. नुसते "समुपदेशक" हा शब्द मात्र कोणीही पाटीवर लावतो, म्हणून पदवी कोणत्या विद्यापीठाची आणि देखरेख कोणाची, हे स्पष्ट विचारा. विचारल्याचा राग येत असेल तर तिथे थांबू नका.

पहिल्या फोनवर विचारायचे: सत्र किती मिनिटांचे, फी किती, न आल्यास फी लागते का, कोणत्या पद्धतीने काम करता, नोंदी कोण पाहतो, आणि आत्महत्येचे विचार आले तर तुम्ही काय करता. शेवटच्या प्रश्नाला ठाम उत्तर हवे. कंपनीकडून मिळणारी मोफत सत्रे घेताना "मनुष्यबळ विभागाला काय कळते" हे लेखी घ्या.

एकाच वेळी दोन समुपदेशक नकोत. बदलायचे असेल तर जुन्यांकडे समारोपाचे एक सत्र घ्या आणि काय काम झाले ते अर्ध्या पानात मागा. मानसोपचारतज्ज्ञ आणि समुपदेशक मात्र एकमेकांना माहीत हवेत. लेखी परवानगी द्या, त्यात काय सांगायचे आणि काय नाही तेही लिहा.

बाह्यरुग्ण_खिडकी

पुण्याला दर महिन्याला जाणे जमणार नसेल तर: पहिली भेट समोरासमोर, मग दूरसल्ला, असे बरेच डॉक्टर करतात. २५ मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक सूचनांनी त्याला मुभा आहे, पण मेथिलफेनिडेटसारखी अमली पदार्थ कायद्याखालची औषधे त्यावर लिहून देता येत नाहीत. अशा औषधांवर असलेल्यांनी दूरचा डॉक्टर निवडण्याआधी हे विचारावे. लिथियमच्या तपासण्या साताऱ्यातच करून अहवाल पाठवता येतात, फक्त प्रयोगशाळा दर वेळी तीच ठेवा.

मधल्या काळात, वेळ मिळेपर्यंत, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक पत्रकाच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात टाका. मोफत आहे, मराठीत बोलता येते. आणि गोळ्या घरच्यांच्या ताब्यात असतील तर नवी चिठ्ठी हाती पडताच पंधरा दिवसांचा साठा तिच्या स्वतःच्या कपाटात असू द्या. आत्महत्येचा धोका पूर्वी निर्माण झालेला असेल तेव्हा मात्र हे करू नये, कारण लिथियमची जास्त मात्रा जीवघेणी ठरते. तिथे आठवड्याचाच साठा, आणि तो कोणाकडे ठेवायचा ते तिने नेमलेल्या माणसाशी बोलून ठरवायचे.